फोटोपासून अक्षरचित्र कसं करायचं: सारखे येणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडून याबद्दल विचारणा होत असते, कोणी पोळ्याच्या बैलाचा फोटो पाठवतं, कोणी आजोबांचा, कोणी दुकानाच्या बोर्डाचा, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं. आधी सोपे प्रश्न, मग अडचणीचे. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे परत लिहिलं नाही, नंबर दिलाय तिथे जाऊन वाचा.

१. आस्की आर्ट, टेक्स्ट आर्ट म्हणतात ते नक्की काय असतं?

फोटोत जिथे अंधार तिथे दाट चिन्ह, जिथे उजेड तिथे फिकट चिन्ह किंवा रिकामी जागा, अशा ओळीच्या ओळी टाइप केल्या आणि लांबून बघितलं की चित्र दिसतं, तेच अक्षरचित्र. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यापुढे आणा, ठिपके आधीच ठराविक अंतरावर मांडलेले असतात, ते सरकवता येत नाहीत, फक्त कुठल्या ठिपक्यावर काय करायचं एवढं आपल्या हातात असतं. इथेही तसंच.

आस्की हा अमेरिकेत १९६३ साली ठरलेला अक्षरांचा कोड आहे, त्यात १२८ जागा आहेत आणि रिकामी जागा धरून ९५ चिन्हं छापता येतात. पण ही कला कोडच्याही आधीची आहे. फ्लोरा स्टेसी नावाच्या बाईंनी १८९८ मधे टाइपरायटरवर फुलपाखरू काढलं होतं. कॉम्प्युटरवर फोटोच्या छटा मोजून चिन्हं बसवायचं गाजलेलं काम १९६६ चं, अमेरिकेतल्या बेल लॅब्समधे केनेथ नोल्टन आणि लिऑन हार्मन यांनी केलेलं.

२. म्हणजे फोटोतलं लिखाण टाइप होऊन मिळतं तेच ना? माझ्याकडे जुन्या सातबाऱ्याचा फोटो आहे.

नाही, ते वेगळं. फोटोतली अक्षरं ओळखून ती टाइप करून देणं याला ओसीआर म्हणतात, त्यासाठी टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे आणि त्यात मराठीची फाइल मिळते. छापील सातबारा स्पष्ट असेल तर तिकडे जा, हस्तलिखित असेल तर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. इथून पुढे फक्त चित्राबद्दल बोलतोय.

३. कुठे कुठलं चिन्ह बसवायचं हे कॉम्प्युटर कसं ठरवतो?

आधी फोटो काळा-पांढरा करतो. लाल, हिरवा, निळा यांची सरळ सरासरी घेत नाहीत, आपल्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ दिसतो म्हणून हिरव्याला ०.५८७, लालला ०.२९९ आणि निळ्याला ०.११४ असं वजन देतात. मग फोटोचे छोटे छोटे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनाचा उजेड ० ते २५५ मधे मोजतो, ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं.

आता समजा आपण दहा चिन्हं घेतली, दाटपासून फिकटपर्यंत:

@ % # * + = - : . आणि दहावी रिकामी जागा

चौकोनाचा आकडा गुणिले १० भागिले २५६ करायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा, ० आलं की पहिलं चिन्ह, १ आलं की दुसरं. सावलीतला चौकोन १५ असेल तर उत्तर ०, म्हणजे @. गालावरचा १२० असेल तर ४, म्हणजे +. आभाळातला २३० असेल तर ८, म्हणजे एक टिंब. झालं, एवढंच आहे, यात काही जादू नाही आणि म्हणूनच चूक झाली तर ती शोधता येते.

काही सॉफ्टवेअर याच्या एक पायरी पुढे जातात. एएलिब नावाची लायब्ररी (दुसऱ्या सॉफ्टवेअरला वापरता येईल असा तयार कोड) एका चिन्हासाठी दोन बाय दोन असे चार तुकडे बघते, म्हणून वरचा भाग काळा आणि खालचा पांढरा असेल तर ती वरच्या बाजूला शाई असलेलं चिन्ह निवडते, आणि कडा जास्त रेखीव येतात.

४. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? विकत घ्यावं लागतं का?

एक रुपया लागत नाही. फोटो तयार करायला गिंप घ्या, फुकट आहे आणि त्यातूनच आस्की आर्ट एक्सपोर्ट होतं (प्रश्न ५). कमांड टाइप करायची सवय असेल तर जेपी२ए हलकं आणि झटपट आहे, रुंदी सांगता येते, उलटं करता येतं, चिन्हं आपली देता येतात. रंगीत पाहिजे असेल तर लिबकाका किंवा चाफा. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर पिलो ही तिची फोटोसाठीची लायब्ररी घेऊन प्रश्न ३ मधला हिशोब वीस-पंचवीस ओळीत स्वतः लिहा, माझं तर म्हणणं आहे कॉलेजच्या पोरांनी एकदा तरी लिहावाच, फोटो म्हणजे आकड्यांचं टेबल आहे हे तेव्हा खरं कळतं.

फोटोशॉपमधे थेट असं एक्सपोर्ट नाही. फोटोशॉप असेल तर फोटो तयार करायला वापरा, शेवटची पायरी दुसरीकडे करा.

५. गिंपमधे नेमकं काय काय दाबायचं?

फोटो उघडा. नको ते कापून टाका, चेहरा असेल तर चेहऱ्याभोवती घट्ट कापा. मग कलर्स मेनूतून डीसॅच्युरेट करा म्हणजे काळा-पांढरा होईल. मग कलर्समधलंच लेव्हल्स उघडा, तिथे डोंगरासारखा आलेख दिसतो, त्याच्या खालचा काळा त्रिकोण डोंगर जिथे सुरू होतो तिथपर्यंत आणि पांढरा त्रिकोण जिथे संपतो तिथपर्यंत ओढा. या एका पायरीने निम्मं काम होतं. मग फिल्टर्समधून थोडं शार्पन करा, थोडंच.

आता इमेज मेनूत स्केल इमेज. इथे साखळीचं चिन्ह असतं ते तोडा, कारण उंची मुद्दाम कमी करायची आहे (का ते प्रश्न ६ मधे). गिंप हे काम एएलिबकडून करून घेतं आणि ती एका चिन्हासाठी दोन पिक्सेल (फोटोतले ठिपके) रुंदी घेते, म्हणजे ८० कॉलम, म्हणजे एका ओळीत ८० चिन्हं पाहिजे असतील तर रुंदी १६० ठेवा. मग फाइल मेनूतून एक्सपोर्ट ॲज करून प्रकारांच्या यादीतून आस्की आर्ट निवडा, मग साधी टेक्स्ट फाइल पाहिजे का वेब पेजसाठी ते विचारेल, साधी टेक्स्ट निवडा.

यादीत तो पर्यायच दिसत नसेल तर तुमच्या गिंपबरोबर एएलिब जोडलेली नाही असं समजा. फोटो गिंपमधेच तयार करा आणि शेवटची पायरी जेपी२एने करा.

६. भाऊ, फोटोमा माणूस इतला लांब काबर दिसी राहिना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून उत्तर आकड्यासकट देतो. पिक्सेल चौकोनी असतो पण टाइप केलेल्या अक्षराचं घर चौकोनी नसतं, ते उभं असतं, साधारण रुंदीच्या दुप्पट उंच. त्यामुळे फोटोच्या मापाने ओळी घेतल्या तर माणूस दुप्पट लांब होणारच.

मोबाइलचा उभा फोटो १२०० बाय १६०० आहे असं धरा. ८० कॉलम पाहिजेत. ओळी किती? ८० गुणिले १६०० भागिले १२००, आले १०७. याला ०.५ ने गुणा, आले ५३. तर ८० कॉलम आणि ५३ ओळी. गिंपमधून करत असाल तर दोन्ही दुप्पट, म्हणजे १६० बाय १०६ पिक्सेल.

०.५ हा आकडा दगडावरची रेघ नाही. ओळींमधलं अंतर वाढवलं की तो कमी होतो, घट्ट केलं की वाढतो. खात्री करायची सोपी रीत सांगतो, फोटोऐवजी आधी एक काळं वर्तुळ काढा आणि त्याचं अक्षरचित्र करा, गोल आलं तर बरोबर, अंडाकृती आलं तर आकडा बदला. हे वर्तुळ जपून ठेवा, नवीन फॉन्ट घेतला की परत कामाला येतं.

७. कुठला फोटो चांगला येतो? मी केळीच्या बागेचा दिला तर नुसतं गवत दिसतंय.

येणारच. ८० कॉलममधे तुमच्याकडे जेमतेम चार-पाच हजार चिन्हं असतात, त्यात पूर्ण बाग, हजार पानं, मधून येणारा उजेड, हे मावत नाही, प्रत्येक पान एकदीड चिन्हाचं होतं आणि सगळं मिळून गवत. त्याच बागेतला एकच घड घ्या, खालून वर फोटो काढा म्हणजे मागे उजळ आभाळ येईल, केळीच्या फण्या एकावर एक, खाली कमळ लोंबतंय, हा आकार कोणीही लांबून ओळखेल.

नियम असा की आकार बाहेरच्या रेषेवरून ओळखू आला पाहिजे आणि मागची बाजू विषयाच्या उलट छटेची पाहिजे. पोळ्याला बैल सजवला, शिंगं रंगवली, झूल टाकली, आणि चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतीपुढे उभा करून फोटो काढला, पांढरा बैल पांढरी भिंत, मग अक्षरचित्रात झूल हवेत तरंगते आणि बैल गायब. तोच बैल गोठ्याच्या काळोख्या दाराशी उभा करा, बघा किती सुंदर येतो, वशिंडसुद्धा वेगळं दिसतं.

उजेड एका बाजूने पाहिजे. सकाळी आठच्या सुमारास किंवा संध्याकाळी, ओट्यावर बसवून, ऊन कडेने येऊ द्या. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारचं ऊन डोक्यावरून येतं आणि डोळ्यांच्या खोबणीत नुसती काळी सावली पडते. चाळीसगावच्या केकी मूस यांनी (१९१२–१९८९) टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून जी टेबल-टॉप फोटोग्राफी केली ती एकदा मन लावून बघा, थोडक्या वस्तू आणि उजेड-सावली यांच्यावर पूर्ण देखावा उभा राहतो. अक्षरचित्राला तीच शिस्त लागते.

उलट अजिंठ्याच्या एक नंबर लेणीतला पद्मपाणी बरेच जण पाठवतात. अतिशय देखणं चित्र पण या कामाला अवघड, कारण त्यातल्या छटा एकमेकीच्या अगदी जवळच्या आणि मऊ आहेत. करायचंच असेल तर फक्त चेहरा आणि मुकुट घ्या, कॉलम दीडशेच्या पुढे ठेवा.

८. चेहरा ओळखूच येत नाही, नुसता राखाडी गोळा येतो. काय चुकतंय?

बहुतेक वेळा चूक सॉफ्टवेअरची नसते, फोटोचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद आणि उजळ यातला फरक, कमी असतो. कागदावर @ सारखं दाट चिन्ह छापलं तरी त्याच्या घरातला निम्म्याहून जास्त भाग पांढराच राहतो, म्हणजे अक्षरचित्रात खरा काळा नसतोच. फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेवढी लांबी होती ती इथे आखडते. म्हणून आधी फोटो जरा भडक वाटेल इतका ताणायचा.

लेव्हल्स (प्रश्न ५) करून भागलं नाही तर कर्व्ह्ज उघडून रेषेला हलका एसचा आकार द्या. तरी नाही जमलं तर मागची बाजू पूर्ण पांढरी रंगवून टाका, मी स्वतः जवळजवळ प्रत्येक चेहऱ्याला हे करतो. आणि व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो वापरू नका, मूळ फोटो मागवा. जेपेग फोटो ८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यात दाबला जातो, दोनचार वेळा फॉरवर्ड झाला की गालावर त्याच तुकड्यांचे डाग येतात आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की ते डाग आणखी वर येतात.

९. कॉलम किती ठेवायचे?

कुठे दाखवणार त्यावर. मोबाइलच्या मेसेजमधे २५ ते ३०. कॉम्प्युटरवर ८०, हा आकडा जुन्या टर्मिनलचा (कमांड टाइप करायच्या स्क्रीनचा) आणि त्याच्याही आधी १९२८ च्या आयबीएमच्या पंचकार्डाचा आहे. चेहरा छापून भिंतीवर लावायचा असेल तर १५० ते २००. एफोर कागदावर कुरिअर फॉन्ट १० पॉइंटमधे घेतला तर एक अक्षर ६ पॉइंट रुंद, कागद ५९५ पॉइंट रुंद, दोन्हीकडे समास सोडून साधारण ८७ अक्षरं बसतात. १७० पाहिजे असतील तर फॉन्ट ५ पॉइंट करा, जवळून वाचता येईल आणि लांबून चेहरा दिसेल.

१०. काळ्या स्क्रीनवर उघडलं तर निगेटिव्हसारखं दिसतं, केस पांढरे आणि चेहरा काळा.

कागदावर चिन्ह म्हणजे शाई, म्हणजे अंधार. काळ्या स्क्रीनवर चिन्ह म्हणजे उजेड. म्हणून चिन्हांचा क्रम उलटा करावा लागतो. चित्र उलटं आलं तर जेपी२एमधे इन्व्हर्टचा पर्याय आहे, गिंपमधे एक्सपोर्टच्या आधी कलर्समधून इन्व्हर्ट करून बघा. व्हॉट्सॲपला हे त्रासाचं आहे कारण तुमचा मोबाइल डार्क मोडवर आणि समोरच्याचा लाइट मोडवर असू शकतो, तिथे चेहऱ्याऐवजी नुसत्या आकाराची चित्रं पाठवा, घड, घोडा, दिवा, ती दोन्हीकडे कळतात.

११. व्हॉट्सॲपवर पाठवलं की सगळं विस्कटतं.

कारण साध्या फॉन्टमधे प्रत्येक चिन्हाची रुंदी वेगळी असते, टिंब बारीक आणि @ जाड. सगळी चिन्हं सारख्या रुंदीची असतील असा फॉन्ट लागतो, त्याला मोनोस्पेस म्हणतात. व्हॉट्सॲपमधे मेसेजच्या आधी आणि नंतर तीन तीन बॅकटिक टाका, ``` असे, मग तेवढा मजकूर मोनोस्पेसमधे दिसतो. पहिल्या ओळीच्या सुरवातीला रिकाम्या जागा असतील तर त्या कधीकधी खाल्ल्या जातात, तिथे एक टिंब ठेवा म्हणजे ओळ सरकत नाही.

दुसरा मार्ग ब्रेल ठिपक्यांचा. युनिकोडमधे (सगळ्या लिप्यांसाठीचा आत्ताचा कोड) ब्रेलची २५६ चिन्हं आहेत, एकेका घरात दोन बाय चार ठिपके, म्हणजे ३० चिन्हांच्या ओळीत ६० ठिपके मिळतात आणि छोट्या जागेत बरंच बारीक चित्र बसतं. आणि वेब पेजवर टाकत असाल तर प्री टॅगमधे टाका, नाहीतर सगळ्या रिकाम्या जागा मिळून एकच उरते.

१२. वर्डमधे चिकटवलं तर मधल्याच काही ओळी सरकल्या, बाकी ठीक आहेत.

चिकटवल्यावर तिथे हाताने काही टाइप करून दुरुस्ती केली असेल तर हे होतं, तीन टिंबं टाइप केली की वर्ड त्यांचं एकच चिन्ह करून टाकतो, दोन डॅश आले की एक लांब डॅश करतो. ऑटोकरेक्टमधलं हे बंद करा, फॉन्ट कुरिअर न्यू किंवा कन्सोलास ठेवा, आणि ओळींचं अंतर सिंगल न ठेवता एक्झॅक्टली करून फॉन्टच्या आकड्याइतकं द्या. नोटपॅडमधे हा त्रासच नाही, फक्त वर्ड रॅप बंद ठेवा.

१३. हे सगळं इंग्रजी चिन्हांनीच का? आपल्या मराठी अक्षरांनी होत नाही का?

होतं, आणि माझ्या मते आपल्या लोकांनी तेच करावं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

पहिली अडचण मोजण्याची. देवनागरीत दिसणारं अक्षर आणि कॉम्प्युटरने मोजलेलं अक्षर एक नसतं. केळी हा शब्द आपल्याला दोन अक्षरी दिसतो, पण आत चार कोड असतात, क, त्याची मात्रा, ळ, त्याची वेलांटी. धुळेचंही तसंच, दिसतात दोन, मोजले तर चार. ८० मोजून ओळ तोडली तर कुठे पन्नास अक्षरं दिसतात कुठे साठ, आणि उजवी कड करवतीसारखी होते. उपाय एकच, प्रत्येक अक्षराला स्वतःचं घर द्यायचं.

ते घर द्यायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे लिबरऑफिस कॅल्क किंवा एक्सेल. सगळे सेल चौकोनी करा, अक्षर मधोमध ठेवा, एका सेलमधे एक अक्षर. सेल चौकोनी असल्यामुळे प्रश्न ६ मधला ०.५ इथे लागत नाही, ८० कॉलमला पूर्ण १०७ ओळी घ्या. पायथनमधून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने तोडलेलं साधं टेबल) काढून उघडली की अक्षरं आपोआप आपापल्या सेलमधे बसतात. पायथनमधेच चित्र पाहिजे असेल तर पिलोने एकेक अक्षर ठरलेल्या अंतरावर काढत जा.

दुसरी अडचण शिरोरेषा. आपल्या बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर रेघ असते, ती शेजारच्या रेघेला जोडली गेली की पानभर आडवे पट्टे पडतात आणि चित्राऐवजी आधी तेच डोळ्यात भरतात. अक्षराच्या दोन्ही बाजूंना जरा मोकळी जागा सोडा म्हणजे रेघ तुटते. आणि फिकट छटांसाठी शिरोरेषा नसलेली चिन्हं वापरा, दंड, अवग्रह, आपले ० १ २ ३ हे आकडे.

तिसरी गोष्ट, कुठलं अक्षर किती दाट. अंदाजाने ठरवू नका. गिंपमधे १०० बाय १०० ची पांढरी चौकट घ्या, त्यात काळ्याने एक अक्षर टाइप करा, कलर्स–इन्फो–हिस्टोग्राम उघडा, तिथे मीन म्हणून आकडा येतो, तो जितका कमी तितकं अक्षर दाट. पंधरा-वीस अक्षरांचं असं एकदा करून वहीत लिहून ठेवा. साधारण । ऽ १ ० ही फिकट, मग ग र ट न, मग क ब म स, आणि झ ळ क्ष ज्ञ दाट बाजूला येतात. फॉन्ट बदलला की क्रम थोडा हलतो.

याहून चांगली युक्ती म्हणजे अक्षर तेच ठेवायचं आणि जाडी बदलायची. नोटो सान्स देवनागरीत अगदी बारीकपासून एकदम जाडपर्यंत नऊ वजनं आहेत. म्हणजे उजळ भागात बारीक ग, सावलीत जाड ग. मग अक्षरांचा क्रम तुमच्या मनाचा राहतो, गावांची नावं ओळीने लिहा, अहिराणी ओवी लिहा, आणि छटा जाडीवर सोडा. जवळून वाचायला, लांबून बघायला.

१४. काना-मात्रा, जोडाक्षरांसकट पूर्ण नाव दिसलं पाहिजे, तुटक अक्षरं नको.

मग घरं पाडू नका, वेगळी पद्धत घ्या. गिंपमधे पूर्ण पान भरेल इतका मजकूर एका टेक्स्ट लेयरवर घ्या, ओळी घट्ट ठेवा, फॉन्ट जाड घ्या. खाली पांढरा लेयर. फोटोच्या लेयरला मास्क लावा आणि तो मास्क टेक्स्टवरून करा, म्हणजे जिथे अक्षर आहे तिथेच फोटो दिसतो. फोटोशॉपमधे हेच क्लिपिंग मास्कने होतं. अक्षरं जोडलेली, मात्रा जागच्या जागी. याचा तोटा एवढाच की ही टेक्स्ट फाइल होत नाही, चित्रच राहतं.

१५. प्रेसमधे छापायला काय देऊ?

पीडीएफ किंवा पीएनजी द्या, टेक्स्ट फाइल कधीच देऊ नका. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात तिच्या आईवडिलांचं अक्षरचित्र करून प्रेसमधे टेक्स्ट फाइल दिली होती. तिथल्या मशीनवर जुना बिगर-युनिकोड मराठी फॉन्ट होता, फाइल उघडली, फॉन्ट बदलला गेला आणि छापून आलं ते नुसतं विस्कटलेलं. हळदीच्या आदल्या संध्याकाळी कळलं. मामी काही बोलली नाही पण तो कागद तिने उलटा करून ठेवला, ते मला अजून दिसतं. तेव्हापासून पीडीएफ करताना फॉन्ट आतमधे एम्बेड झालाय का हे मी दोनदा बघतो, आणि पूर्ण छपाईच्या आधी एक कागद समोर छापून घेतो.

१६. दुकानात बिलाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, त्यावर होईल?

हो, आणि फार छान होतं. साध्या सेटिंगला तो इंचात १० अक्षरं आणि ६ ओळी छापतो, म्हणजे घराचं माप ०.५ नाही तर ०.६. प्रश्न ६ मधलाच फोटो घेतला तर ८० कॉलमला ६४ ओळी येतात, आणि ११ इंची कागदावर ६६ ओळी मावतात, म्हणजे एका कागदावर अगदी नेमका बसतो. बिलाच्या छोट्या ५८ मिमीच्या थर्मल रोलवर सहसा ३२ अक्षरांची ओळ असते, तिथे फक्त आकार काढा.

१७. रंगीत होतं का? व्हिडिओचं?

दोन्ही होतं. रंगीतसाठी चाफा किंवा लिबकाका, टर्मिनलमधे बघायला. अर्धा ठोकळा ▀ हे चिन्ह घेऊन वर एक रंग आणि खाली दुसरा दिला की एका घरात दोन पिक्सेल बसतात. व्हिडिओसाठी व्हीएलसी पुरे, प्रेफरन्सेसमधे व्हिडिओच्या आउटपुटला कलर आस्की आर्ट निवडा आणि प्लेयर परत चालू करा. नंतर आउटपुट ऑटोमॅटिकवर आणायला विसरू नका.

१८. इमेजमॅजिकने फोटो टेक्स्टमधे सेव्ह केला तर नुसत्या आकड्यांच्या हजारो ओळी आल्या.

बरोबर आहे, फाइल खराब नाही. इमेजमॅजिक हे कमांडने फोटो बदलायचं सॉफ्टवेअर, त्याचं टेक्स्ट म्हणजे प्रत्येक पिक्सेल कुठे आहे आणि त्याचा रंग काय याची यादी. ती प्रश्न ३ च्या हिशोबाला कच्चा माल म्हणून वापरता येते, चित्र म्हणून नाही.

१९. एआय चॅटला फोटो देऊन सांगितलं तर करत नाही का?

सरळ लिहायला सांगितलं तर तो अंदाजाने चिन्हं लिहीत जातो, तुमच्या फोटोचा चौकोन न् चौकोन मोजत नाही, त्यामुळे माणूस दिसला तरी तो तुमचा माणूस नसतो. त्याच्याकडून पायथनचा प्रोग्राम लिहून घ्या आणि तो तुमच्या फोटोवर चालवा.

२०. नेटवरचा कोणाचाही फोटो वापरला तर चालतो का?

अक्षरं बसवली म्हणून फोटो आपला होत नाही, फोटो काढणाऱ्याचा हक्क राहतो. घरच्यांसाठी करताना प्रश्न येत नाही, पण विकायचं, छापायचं असेल तर विचारा, किंवा स्वतः फोटो काढा. अजून एक, हे कुठे टाकाल तेव्हा खाली एका ओळीत लिहा की चित्रात काय आहे. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांचा मोबाइल टिंब टिंब स्टार असं वाचत बसतो, त्यांना काहीच कळत नाही.

२१. आजीचा एकच फोटो आहे, पासपोर्ट साइजचा, फिकट झालेला, त्यावर अर्धा शिक्का आहे. त्याचं होईल का?

होईल, पण घाई नको. फोटो मोबाइलवर न काढता स्कॅनरवर ६०० डीपीआयने स्कॅन करा. शिक्का जांभळा किंवा निळा असेल तर काळा-पांढरा करायच्या आधी कलर चॅनलमधे जा आणि लाल, हिरवा, निळा वेगवेगळे बघा, निळसर शिक्का निळ्या चॅनलमधे सहसा सगळ्यात फिकट पडतो, तोच चॅनल घ्या. उरलेला भाग क्लोन टूलने गालाच्या शेजारच्या कातडीवरून भरा.

माझ्या आजीचा असाच फोटो होता, यावल तालुक्यातल्या घरी ट्रंकेत, एका कोपऱ्याला स्टेपलरचं गंजलेलं भोक. डोक्यावर पदर, मागे पांढरा पडदा, पदर आणि पडदा एकमेकात मिसळून गेलेले. पडदा मी पूर्ण रिकामा सोडला आणि पदराची कड एका अक्षराच्या रुंदीने हाताने गडद केली, तिथे डोकं वेगळं झालं. डोळे मशीनवर सोडू नका, ८० कॉलममधे एक डोळा जेमतेम पाचसहा घरांचा होतो, एक घर चुकलं की नजर बदलते. बुबुळाला जाड क्ष ठेवला, त्याच्या वरच्या बाजूला एक घर मोकळं सोडलं, तीच डोळ्यातली चमक. कुंकवाला ळ. बाकी पूर्ण चेहरा तिच्या माहेरच्या माणसांच्या नावांनी भरला, जाडी बदलत (प्रश्न १३). छापून आईच्या हातात दिला तेव्हा तिने आधी चष्मा लावून नावं वाचली, एकेक बोट ठेवून, मग कागद लांब धरला.